दगड साफ केला नव्हतास

आणि हे बघ डॅडी, सिमेट्रीच्या भिंतीत तुझी हाडं ठेवलेल्या त्या खणाचं भाडं मीच का भरायचं, हे अजून मला कोणी सांगितलेलं नाही. मम्मीने नाही, फादरने नाही, आणि तू तर जिवंत होतास तेव्हाही कशाचं कारण द्यायचा नाहीस. परवा पुन्हा मम्मीचा फोन. ऑल सोल्सला, मेलेल्यांच्या दिवशी, ती मेणबत्त्या आणि झेंडू घेऊन सिमेट्रीत गेली, तर तुझ्या खणाच्या फरशीवर कागद चिकटवलेला. मुदत संपली, ऑफिसात भेटा. ऑफिसात सांगितलं, पाच वर्षं झाली, आता पुढच्या पाच वर्षांचे बारा हजार भरा, नाहीतर एकदाच साठ हजार भरून खण कायमचा करून घ्या. यातलं काहीच जमत नसेल तर नाताळच्या आधी हाडं काढून मागच्या विहिरीत टाकणार, सगळ्यांची टाकतात तशी. मम्मीला कायमचा हवा आहे. ती रडत नव्हती. "तुझ्या डॅडीला विहिरीत टाकतील रे," एवढंच बोलली. मी म्हणालो, "टाकू दे ना. आजा आहे तिथे, अर्धं गावठाण आहे. कंपनी मिळेल त्याला." ती मग म्हणाली, "जेवलास काय?" बोलायला काही उरलं नाही की ती हे विचारते. मी हो म्हणालो, साठ हजार जमत नाहीत म्हणालो आणि फोन ठेवला. तेव्हापासून मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडतोय, भांडी घासताना, झोपताना. म्हटलं एकदा कागदावर भांडू. उत्तर द्यायला तू नाहीस हे बरंच आहे. असतास तर ओरडला असतास आणि विषय संपला असता.

मी कुठे आहे ते तुला माहीत नाही, म्हणून सांगतो. तू गेलास तेव्हा मी मुलुंडला त्या सिंधी शेठच्या दुकानात गठ्ठे उचलत होतो. त्याच्या भावाचं दुकान चिलीत, एका बंदराच्या गावात. तिथे माणूस हवा होता, मी गेलो. चिली कुठे आहे ते विचारू नकोस, तू आधी तोंड वाकडं करशील आणि मग नकाशात शोधशील. दुकानात दीड वर्ष काढलं आणि कंटाळलो. मला एका जागी बसवत नाही. 'याच्या ढुंगणाला खिळे आहेत' हे तुझंच वाक्य, मम्मी अजून वापरते. मग ओळखीने इथे वर आलो. वाळवंटात डोंगर आहे, डोंगरावर मोठमोठ्या दुर्बिणी आहेत, आणि दुर्बिणीवाल्यांना जेवायला लागतं. मी त्यांच्या किचनमध्ये आहे. मोठी पातेली घासतो, टेबलं पुसतो, कांदा चिरतो. म्हणजे तू मला ज्या कामाला लावलंस तेच काम, फक्त साकीनाक्याऐवजी जगाच्या दुसऱ्या टोकाला. पगार बरा आहे. इथे पाऊस नाही, झाड नाही, मासळीचा वास नाही, कोणी शेजारी नाही जो विचारेल की तुझा पोरगा काय करतो. तुला आवडलं असतं.

आता मुद्द्यावर येतो. तुझं काम काय होतं ते मी लहानपणी सगळ्यांना फुशारकीने सांगायचो. साकीनाक्याच्या त्या गल्लीत शेठची फाउंड्री, तिथे भंगार यायचं. सळया, गियर, मोडके व्हाइस, कानशी, पाइप. वितळवायच्या आधी कुठला तुकडा कशाचा ते वेगळं करायला लागायचं, आणि ते वेगळं करणारा तू. ग्राइंडरचं गोल दगडी चाक, ज्याला तुम्ही सगळे नुसतं दगडच म्हणायचात, त्यावर तुकडा टेकवायचा आणि ठिणगी बघायची. बिडाची, म्हणजे त्या ठिसूळ ओतीव लोखंडाची, ठिणगी लाल, आखूड, मेलेली. साध्या लोखंडाची लांब, पिवळी, सरळ. पोलादाची पांढरी, टोकाला फुटणारी, दिवाळीतल्या फुलबाजीसारखी. तू गॉगल डोक्यावर सारून, डोळे बारीक करून बघायचास आणि तुकडा न बघता त्या-त्या ढिगात फेकायचास. शाळेत मी पोरांना सांगायचो, माझा डॅडी उजेड बघून सांगतो आत काय आहे. पोरं म्हणायची, फेकतो साला. मी मारामारी करायचो. तुझ्यासाठी मी एका पोराचा दात पाडलाय, हेही तुला माहीत नाही.

मी नववीत उडालो तेव्हा तू ओरडला नाहीस. तीन दिवस बोललाच नाहीस, ते जास्त वाईट होतं. चौथ्या दिवशी सकाळी चहा पिताना मम्मीला म्हणालास, "उद्यापासून माझ्याबरोबर येईल. पाच दिवस बघतो. मग ठरवतो." मला नाही सांगितलंस, मी समोर बसलेला असताना तिला सांगितलंस. पाच दिवस बघतो मग ठरवतो, हे तू सगळ्याला म्हणायचास. नवा पंखा, शेजारचं कुत्रं, मम्मीचा ताप. मला मात्र आनंद झाला होता. खरं सांगतो, सायकल मिळाल्यासारखा. रात्री मी तुझा जुना गॉगल शोधून काढला, काच पुसली, उशीखाली ठेवला.

चार दिवस मी नुसता उभा आणि तू बोलत नाहीस. मी बघायचो. तुझा हात, तुझी मान, ठिणगी. तुझ्याबरोबर काम करणारा तो उंच भय्या, तू ज्याला 'लंबू' म्हणायचास, तो मला हळूच सांगायचा, "देख, ये लाल वाला बीड. गिराओगे तो टूटेगा." त्याच्याकडून मी शिकलो, तुझ्याकडून नाही. पाचव्या दिवशी दुपारी शेठ आला होता, दोन गिऱ्हाइकं होती, सगळे चहा पीत उभे. तू एका कानशीचे तुकडे तपासत होतास, पांढऱ्या ठिणग्यांचा नुसता पाऊस. ते संपलं आणि तू खालून एक काळा तुकडा उचलून माझ्या हातात दिलास. "हे घे. मोठ्याने सांग, काय आहे."

मी अजून तो तुकडा हातात धरल्यासारखा लिहितोय. पावाच्या लादीएवढा, एका बाजूने गंजलेला. मी गॉगल लावतो, दगडावर टेकवतो, आणि पहिल्याच झटक्याला पांढरं फुटतं. लख्ख. मी ओरडतो, "पोलाद." शेठ हसतो. तू माझ्या हातातून तुकडा घेतोस, काही न बोलता डोक्यावर उचलतोस आणि लादीवर आपटतोस. दोन तुकडे. आतून करडा, चरचरीत, बिस्किट मोडावं तसा. बीड. तू माझ्याकडे बघत नाहीस, शेठकडे बघतोस आणि म्हणतोस, "हे बीड, आणि हा पण बीड. वरून दणकट, पाडलं की फुटतो. याला घेऊन मी काय करू?" सगळे हसले. लंबू नाही हसला, तो दगडाकडे बघत होता. तेव्हा मला कळलं नाही तो तिकडे का बघतोय. दुसऱ्या दिवशी तू मला नाक्यावरच्या कॅन्टीनमध्ये नेऊन उभा केलास आणि मालकाला म्हणालास, "भांडी घासेल." बस. माझ्या आयुष्याचं तेवढंच ठरवणं तू केलंस, आणि एका वाक्यात केलंस.

त्या दिवशी रात्रीचं जेवण मला आठवतं. मम्मीने सुरमई तळली होती, स्वतः कुटून बाटलीत भरलेला तिचा बॉटल मसाला लावून, कारण माझी पहिली नोकरी लागणार म्हणून ती सकाळीच बाजारात गेली होती. तिला काय झालं ते माहीत नव्हतं. ती विचारते, "मग, ठेवला काय याला?" तू म्हणतोस, "नाय." तिचा हात तव्यावर थांबतो. मग तू तुझ्या ताटातली मधली मोठी तुकडी उचलतोस आणि माझ्या ताटात ठेवतोस. कधी ठेवली नव्हतीस. मधली तुकडी तुझी, हा आपल्या घरातला कायदा होता. मी ती खाल्ली नाही. सकाळी मांजर खात होतं. मला वाटलं तू मला कीव म्हणून दिलीस, आणि तुझी कीव मला तुझ्या शिवीपेक्षा घाण वाटली.

आता लंबूने सांगितलेलं. तू गेलास, मातीनंतर सगळे आपल्या अंगणात चहा आणि बटर खात उभे होते, तो माझ्याजवळ आला. केस पिकले होते. म्हणाला, "एक बात बोलूं, बुरा मत मानना. उस दिन तू गलत नहीं था." मग त्याने सांगितलं. कानशीचं पोलाद घासलं की त्याचे कण दगडाला चिकटून बसतात. दुसरा माल लावायच्या आधी दगड खरवडून साफ करायला लागतो, नाहीतर पहिल्या झटक्याला जी ठिणगी येते ती आधीच्या मालाची. हे तू रोज करायचास. दिवसातून वीस वेळा करायचास, खोकल्यासारखं, न बघता. त्या दिवशी शेठ समोर होता, गिऱ्हाइकं होती, तुला रुबाब दाखवायचा होता, आणि तू विसरलास. मी जे पांढरं पाहिलं ते खरंच पांढरं होतं. फक्त ते माझ्या तुकड्याचं नव्हतं. मी म्हणालो, "ठीक आहे, चुकला असेल, त्याला कुठे कळलं." लंबू म्हणाला, "कळलं ना. सब गए, उसके बाद उसने पत्थर साफ किया. वो टूटा हुआ आधा उठाया, लगाया. लाल. बहुत देर खड़ा रहा. मैं बोला, कल लड़के को वापस ले आ. तो बोला, सेठ के सामने बोल दिया ना, अब कैसे पलटूं."

एवढंच. आता कसं फिरवू. तू घरी यायच्या आधीच तुला माहीत होतं. तू हात धुतलेस, जेवायला बसलास, 'नाय' म्हणालास, तेव्हा तुला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या मालकासमोर मला उभं करताना माहीत होतं. आणि पुढची सगळी वर्षं, मी साबणाने खाज सुटलेले हात घेऊन घरी यायचो, तू टीव्ही बघत असायचास, तेव्हा पण. तुला एक शब्द बोलायचा होता. शेठला नाही, मला. घरात, दार लावून. तेवढंही तुला महाग पडलं. आणि मी इतकी वर्षं स्वतःला बीड समजून वागलो, डॅडी. कुणी मोठ्याने बोललं की मला वाटायचं आता फुटेन, आणि फुटायच्या आधी मी पळायचो. कॅन्टीनमधून पळालो, मुलुंडमधून पळालो, बंदरातल्या दुकानातून पळालो. ढुंगणाला खिळे. खिळे कोणी ठोकले ते तू कधी मम्मीला सांगितलं नाहीस.

दोन वर्षांनी तुझी हाडं काढली तेव्हा मी होतो. मुंबईत आपल्याला माती पण भाड्यानेच मिळते, दोन वर्षं झाली की पुढच्याला जागा द्यायची. सिमेट्रीतल्या माणसाने एकेक करून वर दिली, मम्मीने पांढऱ्या कपड्यावर घेतली, पुसली. तुझा उजवा हात, ज्याने तू तुकडे फेकायचास, पेन्सिलींचा जुडगा असावा तसा. कवटी माझ्या हातात आली. हलकी होती. मम्मी म्हणाली, "सांभाळून रे." मला वाटलं, ही लादीवर पाडली तर काय होईल ते मला नीट माहीत आहे. आतून करडी, चरचरीत. मी पाडली नाही. पण मी विचार केला, आणि विचार करताना मला वाईट वाटलं नाही. मग पेटी भिंतीत गेली, फरशी बसली, पाच वर्षांचे पैसे मीच भरले, तेव्हा मुलुंडच्या शेठकडून उचल घेऊन. महिनाभरात मी चिलीला निघून आलो.

तर आता मी तुला त्या बाईचं सांगतो, कारण ती नसती तर मी मम्मीला 'टाकू दे' म्हणून खुशाल झोपलो असतो, असा भांडत बसलो नसतो. इथे दुनियाभरचे लोक येतात, पाच-सात दिवस राहतात, रात्री काम करतात आणि दुपारी तीनला उठून नाश्त्याला येतात, केस उभे, कोणाचा टी-शर्ट उलटा. गेल्या महिन्यात एक बाई आली. मी ट्रे घेऊन चाललो होतो, पाय सरकला, सगळे कप खाली, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते आपल्या गावठाणातलं खास. मागून आवाज आला, "ए, तू कुठला रे?" मराठीत. मी वळलो. पन्नाशीची, बारीक, चष्मा. मी म्हणालो, "अंधेरी." ती म्हणाली, "मी बोरीवलीची. शिवी ऐकली आणि घरची आठवण आली." अमेरिकेत कुठे तरी शिकवते, पण नाश्त्याला बसली की बोरीवलीची. मला म्हणाली, "तुमच्या या किचनमध्ये तिखट नावाचा प्रकार आहे की नाही?" मी माझ्या खोलीतून मम्मीने पाठवलेली बॉटल मसाल्याची बाटली आणली, अंड्यावर मसाला टाकून दिला. ती खात गेली आणि बोटावर मोजत गेली, मिरची, धणे, तीळ, खसखस, आणि दहाबारावर अडकली. "यात किती आहेत?" मी म्हटलं, "मम्मी सांगत नाही. मला पण नाही." ती म्हणाली, "बघ, जिभेवर आहे तरी मोजता येत नाही, आणि मी तिकडचं मोजायला आलेय."

तिकडचं म्हणजे काय, ते तिने मला तीन-चार दुपारी बसून सांगितलं. मी टेबल पुसत राहायचो, ती बोलत राहायची. ती म्हणाली, सगळ्यात आधी जगात फक्त हायड्रोजन आणि हीलियम होता, आणि चिमूटभर लिथियम. बाकी काही नाही. मग तारे पेटले, त्यांच्या पोटात बाकीचं शिजलं, आणि तारा मेला की ते बाहेर सांडलं. सांडलेल्यातून पुढचे तारे झाले. ऑक्सिजन, लोखंड, तुझ्या हाडांतलं कॅल्शियम, सगळं कोणीतरी मेल्यावर मागच्यांना मिळालेलं. (मी म्हटलं, म्हणजे मेलेले काहीतरी ठेवून जातात. ती म्हणाली, तारे तरी जातात.) म्हणून फार लांबच्या गॅलेक्सी बघायच्या. लांबून प्रकाश यायला इतका वेळ लागतो की आज जो इथे पोहोचला तो तेराशे कोटी वर्षांपूर्वी निघालेला, म्हणजे जग नुकतं सुरू झालं होतं तेव्हाचा. तिथे ऑक्सिजन किती आहे ते मोजलं की कळतं, तोपर्यंत किती पिढ्या मरून गेल्या. मोजायचं कसं, तर उजेडावरून. ती लॅपटॉपवर एक रेघ दाखवते, दवाखान्यात छातीची काढतात तशी, मध्येच वर गेलेली टोकं. हे टोक ऑक्सिजनचं, हे हायड्रोजनचं. मी म्हणालो, "हे तर माझा डॅडी करायचा. ठिणगीवरून." आणि ती हसली नाही. म्हणाली, "हो, जवळपास तेच." एक गंमत सांगू, हे लोक हायड्रोजन आणि हीलियम सोडून बाकी सगळ्याला मेटल म्हणतात. ऑक्सिजन पण मेटल. फाउंड्रीत असं बोलला असतास तर शेठने दुसऱ्या दिवशी तुलाच भंगारात काढलं असतं.

मी विचारलं, "मग ज्याचं टोक उंच, तो माल जास्त?" तिने मान हलवली. "तिथेच सगळे फसतात. टोक उंच आहे ते ऑक्सिजन जास्त म्हणून, की तो वायू जास्त तापलाय म्हणून, हे त्या टोकावरून कळतच नाही. ताप किती ते दुसरं एक टोक सांगतं. हे बघ." मला काही दिसेना. मला वाटलं स्क्रीनवर घाण आहे, मी फडक्याने पुसली. ती इतकी हसली की चहा सांडला. "अरे, तेच ते. तेवढंसंच असतं." मी विचारलं, हे सापडलं नाही तर? ती म्हणाली, तर जवळच्या गॅलेक्सी बघून केलेलं माप लांबच्यांना लावतो, आणि लांबच्यांना ते बसेलच असं नाही.

आता ऐक. त्या बाईकडे एक गॅलेक्सी होती. अवकाशातल्या दुर्बिणीने घेतलेला उजेड, फार लांबची, आणि तिच्यात ऑक्सिजन इतका की कोणाचा विश्वास बसेना. इतक्या लवकर इतके तारे मेले कधी? दोन वर्षं ती त्यावर होती, चार ठिकाणी भाषणं देऊन झाली होती. इथे ती फक्त त्याच जागेवर पुन्हा नजर टाकून खात्री करायला आली होती. शेवटच्या दिवशी दुपारी ती नाश्त्याला आली, ताट घेतलं, सगळ्यांच्या मधोमध बसली आणि आधी इंग्रजीत काहीतरी बोलली, मग माझ्याकडे बघून मराठीत, "वाट लागली रे. माझी गॅलेक्सी दुसऱ्याचीच निघाली." तिच्या गॅलेक्सीच्या पुढे, अगदी त्याच रेषेत, एक जवळची, म्हातारी गॅलेक्सी बसली होती. उजेड तिचा मिसळला होता. जे टोक ती लांबच्या ऑक्सिजनचं समजत होती ते त्या जवळच्या गॅलेक्सीचं दुसरंच काही होतं. टोक खोटं नव्हतं. ते तिच्या तुकड्याचं नव्हतं.

मी हातात फडकं घेऊन उभा होतो, आणि वाट बघत होतो, डॅडी. आता कोणीतरी काहीतरी बोलेल. तिचा वरचा साहेब तिथेच बसला होता, पांढरी दाढी. तो म्हणाला काय, "मला दाखव." तिने दाखवलं. त्याने बघितलं, खांदे उडवले, आपल्या ताटातलं पुडिंग उचलून तिच्यासमोर ठेवलं. एका पोराने टाळ्या वाजवल्या, सगळे हसले, ती पण हसली, आणि तिथेच बसून तिने ज्यांना-ज्यांना आधी सांगितलं होतं त्यांना लिहायला घेतलं की मी चुकले. पुडिंग खात खात. मी नंतर तिला विचारलं, "तुम्हाला कोणी बोललं नाही?" तिला प्रश्नच कळला नाही. "काय बोलणार? झोप नाही येणार चार दिवस, बाकी काय." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "का रे?"

मी सांगितलं. शेठ, कानस, काळा तुकडा, पोलाद म्हणून ओरडलो ते. लंबूचं अजून सांगायचं होतं, तर ती मध्येच म्हणाली, "थांब. दगड साफ केला नव्हता ना?" असं. पावाने ताट पुसत पुसत. "मग तू बरोबर होतास. जे दिसलं ते सांगितलंस." ती बाई मला पाच दिवस ओळखत होती. पाच दिवसांत तिने बघितलं आणि सांगितलं. मी किचनमध्ये जाऊन सगळ्यात मोठं पातेलं काढलं आणि घासत बसलो, ते आधीच घासलेलं होतं. मला तिचा राग आला. ते वाक्य तिचं नव्हतंच, तुझं होतं, आणि ते मला बोरीवलीच्या बाईकडून, जगाच्या दुसऱ्या टोकाला, फुकट ऐकायला लागलं.

जाताना तिने मसाल्याची बाटली मागून घेतली. म्हणाली, "आईला सांग, मोजून बघते." आणि गेली. मी मम्मीला सांगितलं तर मम्मी म्हणाली, "शास्त्रज्ञ हाय ना ती? सापडणार नाय तिला." मग म्हणाली, "तुझ्या डॅडीला पण कधी सांगितलं नाय मी." पहिल्यांदा मला वाटलं की त्या घरात मी एकटाच तुझ्याशी भांडत नव्हतो.

आता तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. "तुकडी मोजली काय रे?" मधली तुकडी, तुझ्या ताटातली. मोजली. गेले दोन दिवस तीच मोजतोय. तुझा तो एकच शब्द, बीड, केवढा उंच, सगळ्या गल्लीला दिसेल असा, आणि त्याच्या शेजारी ती तुकडी, मला वाटलं होतं घाण आहे, पुसून टाकली. त्या बाईच्या हिशेबाने तीच तुझा खरा ताप सांगते. असेल. पण ती फार लहान आहे, डॅडी, आणि तिच्यावर मी माझी इतकी वर्षं तोलू शकत नाही. तुला बोलता येत होतं. तू मुका नव्हतास. तिच्या दाढीवाल्या साहेबाने पुडिंग पुढे सरकवलं ते चूक समोर मांडून झाल्यावर. तू चूक पोटात ठेवून मासळी पुढे सरकवलीस. दोन्ही एक नाही.

हे मी तुला पाठवणार कुठे. सिमेट्रीच्या भिंतीला टपालपेटी नाही. मम्मीला दाखवलं तर ती दोन दिवस जेवणार नाही, आणि मग मलाच विचारेल जेवलास काय. किचनच्या ड्रॉवरमध्ये ठेवीन, पुढच्या उन्हाळ्यात सापडलं तर फाडीन. एक मात्र सांगून टाकतो, मम्मीला नाही सांगितलं. साठ हजार माझ्याकडे आहेत. कधीपासून आहेत, वेगळे ठेवलेले, कायमच्या खणाला पुरतील एवढे. मम्मीला मी म्हणालो जमत नाही. जमतं.

विहिरीत जाऊ देत नाही तुला. पाच वर्षं बघतो. मग ठरवतो. बारा हजार पाठवतोय.